एलएम३८८६ अ‍ॅम्पमधला फीडबॅक कमी करू का?

कोथरूडचा_श्रोता
तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून एलएम३८८६ या पॉवर अ‍ॅम्प चिपचा अ‍ॅम्प बांधलाय. फीडबॅकला (आउटपुटचा हिस्सा परत चिपच्या इनपुटला नेणारी वाट) २० किलोओहमचा म्हणजे २० के रेझिस्टर, खाली ग्राउंडकडे १ के. रात्री गाणं लावलं की तानपुऱ्यामागे बारीक भुणभुण येते आणि तार सप्तकात आवाज टोचतो. मित्र म्हणतो, फीडबॅकने आवाज मरतो, २० च्या जागी १०० के टाक. टाकू का?

जुना_सोल्डर
अजिबात नको. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, २१ वरून १०१ होईल. व्हॉल्यूमला नुसता हात लावला तरी शेजारी बेल वाजवतील, आणि चिपची स्वतःची सूंसूं जवळजवळ पाचपट होईल ती वेगळीच.

या चिपचा गेन-बँडविड्थ (गेन गुणिले फ्रिक्वेन्सी) ८ मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे १ किलोहर्ट्झला ८००० चा गेन हाताशी. त्यातला २१ तुम्ही वापरता, उरलेला ३८० पट फीडबॅक म्हणून डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) दाबायला कामी येतो. २० किलोहर्ट्झला तोच आकडा १९ वर येतो. १०० के टाकलात तर ४! जिथे टोचतंय तिथलंच औषध बंद करायला निघालात. उलट गेन १० च्या खालीही नेऊ नका, चिप ऑसिलेट होईल, म्हणजे सिग्नल नसतानाही आपणहून कंपत राहील. हेच ऑसिलेशन रोखायला आउटपुटला २.७ ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये आहेत ना? नसतील तर टोचण्याचा पहिला संशय तिथेच.

भुणभुणीचं म्हणाल तर त्या १ के चं खालचं टोक कुठे जोडलंय?

ट्यूबप्रेमी
काका, ३००बी ट्यूबचा सिंगल एंडेड (एकाच ट्यूबवर चालणारा) अ‍ॅम्प ऐका एकदा. ग्लोबल फीडबॅक (आउटपुटपासून थेट इनपुटपर्यंतचा) शून्य, आणि गोडवा काय!

जुना_सोल्डर
ऐकलाय. गोड लागतो, कारण त्याचं डिस्टॉर्शन मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकचं, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचं. आवडीला माझी हरकत नाही. पण ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर 'झीरो फीडबॅक' छापणाऱ्यांच्या सर्किटमधला एमिटर फॉलोअर (आउटपुटचा ट्रान्झिस्टर टप्पा) काय उपास करतो? तो तर शंभर टक्के फीडबॅकवरच जगतो.

कोथरूडचा_श्रोता
२.७ ओहम लावलेलाच नाही, किटच्या नकाशात नव्हता. आणि १ के चं टोक पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरच्या ग्राउंडला, ब्रिजच्या (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडच्या) अगदी शेजारी.

जुना_सोल्डर
सापडलं. ब्रिज सेकंदाला १०० वेळा कपॅसिटर भरतो, त्या झटक्यांचा करंट त्याच तारेतून जातो. चिप मात्र ते टोक शून्य धरून चालते. मापच खोटं असेल तर काटा कितीही चोख असून काय उपयोग? फीडबॅक ही चूक सुधारत नाही, इमानेइतबारे २० पट करून स्पीकरला देतो.

ते टोक उचला आणि इनपुट सॉकेटच्या ग्राउंडपाशी न्या. तिथून एकच तार कपॅसिटरच्या पुढच्या स्टार पॉइंटला, म्हणजे सगळे ग्राउंड जिथे एकत्र येतात त्या बिंदूला. स्पीकरची परतीची तार थेट स्टारला, वेगळी. मग इनपुट शॉर्ट करून स्पीकरला कान लावा. स्वस्त मीटर काढू नका, त्याची एसी रेंज २०० व्होल्टपासून सुरू होते, त्यावर काही दिसणार नाही.