हायमास्ट लागला म्हणून हार कसले घालता?

काजवेवाला:
काल एका ग्रुपवर फिरत आलेली पोस्ट बघून डोकं तापलं, म्हणून इथे लिहितोय. गोव्यात पेडण्यातल्या एका गावात देवळापुढच्या मैदानावर हायमास्ट, म्हणजे उंच खांबावर मोठ्या झोतांचा गोल, लागला. नारळ फोडला, खांबाला झेंडूचा हार, फोटोत अर्धी पंचायत, आणि खाली ओळ: "आता आमच्या गावात रात्र होणारच नाही!" त्यावर टाळ्याच टाळ्या.

रात्र होणार नाही ही काय आनंदाची बातमी झाली?

आमच्या वाड्यावर असलाच एक खांब उभा आहे. यंदा मृगाची पहिली सर पडली त्या रात्री त्याच्याखाली येऊन बघायला हवं होतं. पंख फुटलेली वाळवी इतकी, की उजेड धुरकट दिसत होता. खाली बेडूक तोंड वर करून बसलेले. सकाळी साळुंक्यांची पंगत, आणि देवळाची झाडलोट करणारी बाय सुपलीने पंख भरून टाकत होती. किडे दिव्यावर भाळतात असं आपण लहानपणापासून ऐकलं. २०२४ साली वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून झालेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं: उडताना ते पाठ उजेडाकडे ठेवतात. उजेड आभाळातून येत होता तोवर त्या सवयीने काही बिघडत नव्हतं. दिवा बाजूला आला की वर कुठलं नि खाली कुठलं हेच त्यांना कळेनासं होतं, मग नुसत्या घिरट्या.

काजव्यांचं तर विचारूच नका. नर उडताना लुकलुकतो, मादी गवतातून उत्तर देते. पांढऱ्या झोतात ते उत्तर त्याला दिसणार कसं? जून लागताना चोर्ला घाटात काजवे बघायला गाड्या काढणारेच घराच्या गेटवर दोन-दोन फ्लडलाइट लावतात.

आणि कासवं. त्यांचे अंडी घालायचे किनारे म्हणजे मोरजी, आश्वे, मांद्रे, खाली दक्षिणेत आगोंद, गालजीबाग. वाळू थंड झाली की रात्री पिल्लं वर येतात आणि जिकडे क्षितिज सखल आणि उजळ, तिकडे पळतात. पूर्वी तिकडे समुद्रच असायचा, कारण मागे मर्यादवेलीची काळोखी टेकाडं होती. आता लखलखाट मागेच. पिल्लू रस्त्याकडे चालू लागतं. वाटेत कुर्ल्या, कुत्री, आणि उजाडलं की कावळे.

२०१५ पासून रस्त्यावरचे जुने दिवे काढून एलईडी लावायची मोहीम देशभर चालली. वीज वाचली, मान्य. पण स्वस्त झालं म्हणून जिथे एक होता तिथे तीन आले. पिवळा सोडियम दिवा गेला आणि पांढराफटक आला. त्यात निळा भाग जास्त, आणि निळा उजेड हवेत जास्त विखुरतो, म्हणून आभाळही पांढरं. रात्रीच्या कृत्रिम उजेडाच्या २०१६ च्या जागतिक नकाशाप्रमाणे जगातल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकांना घराजवळून आकाशगंगाच दिसत नाही. आपण त्यात भर घालून वर हार घालतोय.

रात्रपाळी:
वाचलं सगळं. सुंदर लिहिलंय. आता माझं ऐका.

मी नर्स. संध्याकाळची पाळी संपवून शेवटची बस धरते, ती तिठ्यावर सोडते. तिथून घर चालत. मधल्या वळणावरचा दिवा बंद. मागच्या पावसाळ्यात तिथे बाइकवर दोघे थांबले होते. काही बोलले नाहीत. मी चालले की बाइक हळू चालायची, मी थांबले की थांबायची. तुमच्या काजव्यांनी काही उजेड पाडला नाही त्या रात्री. मी धावत पहिल्या घराच्या अंगणात शिरले, तिथे बल्ब होता म्हणून.

अंधाराचं कौतुक करणारे सगळे पुरुष का असतात, यावर एखादा धागा काढा.

बुलेट_डिचोली:
+१. आणि गुरं. डिचोलीहून येताना काळ्या डांबरावर काळी म्हैस बसलेली. माझ्या पायात अजून प्लेट आहे. म्हशीला काही झालं नाही, मालक तर सापडलाच नाही. खांब होता, दिवा नव्हता. वीज खात्याला विचारलं तर पंचायत, पंचायतीला विचारलं तर खातं.

काजवेवाला:
ताई, तुम्ही सांगितलंत त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि देणारही नाही. पण उजेड वाढवला की गुन्हे आणि अपघात आपोआप कमी होतात हे गृहीत धरू नका. इंग्लंड-वेल्समधल्या ६२ नगरपालिकांच्या हद्दीत दिवे मंद केले, काही ठिकाणी मध्यरात्रीनंतर बंदच केले. २०१५ साली त्याचा अभ्यास छापून आला. अपघात किंवा गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही.

बुलेट_डिचोली:
इंग्लंडात रस्त्यावर म्हशी बसतात का रे?

रात्रपाळी:
अभ्यासच हवेत तर न्यूयॉर्कचा पण वाचा. सरकारी वसाहतींत फिरते दिव्यांचे मनोरे उभे केले, रात्रीचे मोठे गुन्हे ठळक कमी झाले. तुम्ही तुमच्या सोयीचं इंग्लंड आणलंत, मी माझ्या सोयीची अमेरिका आणली. फिटंफाट.

जेटीवरचा:
तुम्ही सगळे खांबाला धरून बसलात. खरा उजेड बघायचाय तर रात्री किनाऱ्यावर उभे राहून समुद्राकडे बघा. एलईडीवाल्या बोटींची ओळच्या ओळ. जनरेटर लावून पाण्यात झोत सोडतात. आधी बारीकसारीक जीव उजेडात जमतात, त्यांच्यामागे तारली, बांगडा, माणकी, सगळा थवा वर येतो, मग पर्ससीन, म्हणजे बटव्यासारखं मोठं जाळं, टाकून गोल आवळायचं. पिल्लासकट. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. बंदी कागदावर पोहते, बोटी पाण्यात.

माझा बापूस रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं जाळं, ओढायचा. आज रापणीला माणसं गोळा करायची तर त्यांना चहापाणी परवडेल इतकी मासळी लागत नाही. तुझ्या बेडकांची पंगत वाचून हसू आलं. इकडे आमची पंगत उठली.

मालीमचा_मालक:
आला रडायला. उजेडावर मासे धरणं आम्ही शोधून काढलं? तुमच्याच आजोबांनी होडीत पेट्रोमॅक्स ठेवून धरलेत. डिझेलचे भाव, बर्फ, खलाशांचे पगार, बँकेचा हप्ता. जून-जुलै दोन महिने बोट जेटीला बांधलेली. ऑगस्टात बाहेर पडावं तर कर्नाटकातल्या मालप्याचे आणि तिकडचे आपल्या पुढ्यात येऊन धरून जातात. आम्ही हात बांधून बसायचं?

जेटीवरचा:
पेट्रोमॅक्स आणि किलोवॅटचा जनरेटर एकच का? कोणाला शिकवतोस? बारा नॉटिकल मैलांपर्यंत राज्याचं पाणी, पुढे केंद्राचं. तुम्ही त्या रेषेवर कबड्डी खेळता. हे आले की तिकडे, ते आले की इकडे.

मालीमचा_मालक:
पुरावा दे. नाहीतर तोंड सांभाळून बोल.

जेटीवरचा:
पुरावा बाजारात बघ. बोटाएवढे बांगडे ढिगाने विकायला असतात, ते काय स्वतःहून टोपलीत चढले?

काजवेवाला:
अहो, विषय रस्त्यावरच्या दिव्यांचा होता…

जेटीवरचा:
उजेडाचा होता. शीर्षक बदल नाहीतर गप्प बस.

शॅकवाला_आश्वे:
मला एक कळत नाही. दिवे बंद करा म्हटलं की पहिली शिट्टी आम्हा किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांवर. कासवांच्या दिवसांत आम्ही समुद्राकडचे दिवे काढतो, जे राहतात त्यांना लाल कागद. गिऱ्हाईक म्हणतं, ताटात काय आहे तेच दिसत नाही. आणि मागे टेकडीवर व्हिला बघा. मालक दिल्लीत. वर्षातून चार दिवस येतो. तळ्यात निळे दिवे रात्रभर, माडाला खालून फोकस, गेटला फोकस, कंपाउंडला माळ. घरात माणूस नाही! पिल्लाला काय कळतंय, कुठला उजेड शॅकचा आणि कुठला व्हिलाचा?

बुलेट_डिचोली:
लाल कागद लावता त्याचं कौतुक. आवाजाचं काय ते सांगा.

शॅकवाला_आश्वे:
आवाजाचा वेगळा धागा काढ, तिथे पण शिव्या खातो.

दुर्बीण:
पणजीत जुन्ता हाऊसच्या गच्चीवरच्या वेधशाळेत शाळेत असल्यापासून जातो. शनी-गुरू दिसतात, प्रश्न नाही, तेजस्वी आहेत. देवयानी आकाशगंगा पोरांना दाखवायची तर "तिथे एक पुसट ठिपका आहे असं समजा" म्हणावं लागतं. मांडवीतल्या कॅसिनोंचे फिरते झोत वेगळेच. लडाखात हान्लेला २०२२ मध्ये तारे दिसावेत म्हणून काळोखं आकाश राखीव झालं (डार्क स्काय रिझर्व्ह). महाराष्ट्राने २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला तसा दर्जा मिळवला. आपल्याकडे खोतीगाव, मोलेंची अभयारण्यं आहेत. इच्छा असेल तर करता येईल.

बुलेट_डिचोली:
करा. आणि मग तारे बघायला बसेस भरून आणा, पार्किंगला हायमास्ट लावा.

खाजनवाला:
शेताचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. माझ्या शेताच्या कडेला रस्त्याचा खांब. सगळं भात पिकून सोन्यासारखं, आणि खांबाखालचा अर्धगोल हिरवा. पसवतच नाही वेळेवर. कापणीला मशीन आलं की तेवढा तुकडा ठेवावा लागतो. रात्र लांबली की भाताला कळतं, आता फुलायचं. दिव्याने त्याची रात्रच तोडली.

दुर्बीण:
कुठलं बियाणं? जया हे सुधारित वाण असेल तर दिवस-रात्रीच्या लांबीचा त्यावर फारसा परिणाम नसतो. हे जुन्या गावठी जातींना लागू.

खाजनवाला:
गावठीच लावतो. जया तुझ्या गच्चीवर लाव. जपानात याच कटकटीपायी भाताला त्रास न होणारे रस्त्याचे दिवे शोधून काढले, तिकडच्या शास्त्रज्ञांना वेड लागलेलं नव्हतं.

काजवेवाला:
आता मूळ मुद्दा. दिवा नको असं मी कुठेही म्हटलेलं नाही, वर जाऊन बघा. हायमास्टचा उजेड चारी बाजूंना, माडांच्या शेंड्यांवर आणि आभाळात जातो. ताईंच्या वळणावर त्यातला कणही पोचत नाही. त्याच पैशात रस्त्याला कमी उंचीचे खांब, वरून झाकण, उजेड फक्त खाली, रंग पिवळसर, आणि मध्यरात्रीनंतर मंद. किनाऱ्यालगत तर निळा भागच नसलेले अंबर, म्हणजे केशरट पिवळे दिवे. सगळं बाजारात मिळतं.

रात्रपाळी:
झाकण, पिवळा रंग, कबूल. पिवळ्यात उलट समोरच्याचं तोंड नीट दिसतं. त्या पांढऱ्या झोताने डोळे दिपतात आणि खांबाच्या पलीकडे कोण उभं आहे ते कळतच नाही, हे मी रोज अनुभवते. पण मध्यरात्रीनंतर मंद म्हणजे किती? माझी बस उशिरा आली तर? आणि हे सगळं तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहू शकला असता. बेडकांवर परिच्छेद होता, बायकांवर ओळ नव्हती.

बुलेट_डिचोली:
बेडकांचं मात्र खरं. दिव्याखाली बसले की पिशवीत टाकायला सोपे. रात्री टॉर्च घेऊन शेतात फिरणारे आता मैदानावरच येत असतील. कायद्याने बंदी आहे म्हणे, पण "जंपिंग चिकन" खाणारे आमच्याच गावात चार निघतील.

मालीमचा_मालक:
चार? तुझ्या घरी धरून पाच.

काजवेवाला:
रविवारी ग्रामसभा आहे. अर्ज टाईप करतोय: हायमास्टला झाकणं, टायमर, आणि वळणावरचा बंद दिवा आधी दुरुस्त. ताई, तुम्ही येणार?

रात्रपाळी:
रविवारी ड्युटी. अर्ज पाठवा, सही करून देते. वळणाचा मुद्दा पहिला हवा. दुसरा असेल तर सही नाही.

जेटीवरचा:
त्यात एलईडी मासेमारी पण घाल.

काजवेवाला:
पात्रांव, पंचायतीची हद्द समुद्रात नाही हो.

जेटीवरचा:
मग तुझी कासवं कुठून येतात, विहिरीतून?