काळ्या मातीच्या रस्त्यावर रोज सेडान न्यायची आहे, टायर कोणते घ्यावेत?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. आर्णीहून रोज जाऊन-येऊन करते, एका बाजूने ३१ किलोमीटर. त्यातले २४ चांगले डांबरी, पुढचे ५ उखडलेली गिट्टी आणि शेवटचे २ निव्वळ काळी माती. तिथे दरवर्षी मुरूम पडतो, दोन पावसांत खाली दबतो आणि माती पुन्हा वर येते. रातपाळीला त्या वेळेची एसटी नाही, म्हणून गाडीशिवाय इलाज नाही. गाडी डिझायर, टायरचं माप १६५/८० आर १४. टायर ४६ हजार किलोमीटर चाललेत, आता बदलायचेच आहेत.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी पाऊस उघडून तासभर झाला होता, म्हणून मी गाडी पुढे घातली. स्टिअरिंग सरळ धरलेलं असताना गाडी आडवी झाली आणि धुऱ्यावरून पऱ्हाटीत उतरली. खाली उतरून पाहिलं तर टायरची नक्षी दिसतच नव्हती. खाचा मातीने गच्च भरून चाक लिंपल्यासारखं गुळगुळीत झालं होतं, आणि मडगार्डमध्ये इतकी माती ठासली होती की ते फिरेना. बाजूच्या वावरातल्या एका भाऊंनी काडीने माती खरवडली, मग ट्रॅक्टरने ओढून काढलं. त्या दिवशी बाळंतपणाची बाई माझ्याआधी केंद्रात पोचली होती. सोबतच्या सिस्टरने सगळं नीट निभावलं, पण तो पाऊण तास अजून माझ्या मनातून जात नाही.

एका दुकानात गेले तर ते म्हणाले, रुंद टायर टाका, १८५ चे, चिखलात मस्त चालतात. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचले तर माल तीन वर्षं जुना, आणि सांगत होते नवीन म्हणून! तिथून परत आले.

माझा भाचा जर्मनीत असतो. तिकडे बर्फातही गाड्या अशाच घसरतात आणि हिवाळी टायर लावले की खूप फरक पडतो, असं तो सांगतो. त्याने पाठवलेल्या फोटोत टायरवर ‘एम प्लस एस’ लिहिलंय, म्हणजे चिखल आणि बर्फ. मग हा चिखल म्हणजे आपलाच चिखल का? असे टायर मागवावेत का? पैशाची ओढाताण आहे, दोनच घेतले तर पुढे बसवू की मागे? ज्यांनी या मातीत गाडी चालवली आहे त्यांनी कृपया सांगावं.

गिट्टीमुरूम यांचं उत्तर

ताई, टायरचं दुकान सांभाळून १८ वर्षं झाली, म्हणून लिहितो. ते टायर मागवू नका. बर्फाच्या टायरच्या बारीक खाचा बर्फ धरून ठेवतात. बर्फ बर्फाला धरतो, म्हणून खाचेत भरलेला बर्फच पकड देतो. आपली माती याच्या उलट. ओली झाली की फुगते, टायरला चिकटते आणि मग मातीवर माती सरकते. वावरात चपला मणभर जड होतात, म्हणून आपण त्या हातात घेतो ना, तेच. इथे माती बाहेर फेकणारा टायर लागतो, मोठे ठोकळे आणि मोकळ्या रुंद खाचांचा. तसे जीपच्या मापात मिळतात, सेडानच्या मापात मी तरी कधी विकले नाहीत.

शिवाय हिवाळी टायरचं रबर ७ अंशांखालच्या थंडीत मऊ राहावं असं केलेलं असतं. आपल्या मे महिन्यात, ४५ अंशांत, ते भराभर झिजेल आणि ब्रेकही लांब लागेल. नुसतं एम प्लस एस कंपनी स्वतःच छापू शकते. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असेल, तरच बर्फावर चाचणी झालेली असते.

१८५ मुळीच नको. तुमच्याकडे मुरूम खाली दबलेला आहे. अरुंद टायर वरचा चिखल कापून त्याच्यापर्यंत पोचतो, रुंद वरच तरंगतो. जिथे खाली मुरूमच नाही, तिथे दोन्ही फसतात.

टायर त्या २४ किलोमीटर डांबरासाठी निवडा. चिखलात फसलात तर ट्रॅक्टर येतो, पण ८० च्या वेगात टायर पाण्यावर तरंगला तर जिवावर बेततं. मूळ मापाचे, उभ्या खोल खाचांचे साधे टायर घ्या. कायद्याने खाच १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण मी ३ राहिली की पावसाळ्याआधी बदलायला सांगतो. दोनच घेणार असाल तर नवे मागे. तुमची गाडी पुढची चाकं ओढतात, म्हणून नवे पुढे बसवावेसे वाटतील. पण ओल्या डांबरावर मागची बाजू सुटली की भल्याभल्यांना आवरत नाही. मी तर म्हणेन थोडे थांबून चारही घ्या.

चिखलात उतरण्याआधी हवा सात-आठ पौंड कमी करा, दुसऱ्या गिअरमध्ये एका लयीत हळू चला, मध्ये थांबू नका. डांबराला लागण्याआधी हवा परत भरायची, त्यासाठी गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप ठेवा. आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल तर परत फिरा, तिथे कुठलाच टायर कामाचा नाही.

मूळ प्रश्नकर्ती

भाऊ, मनापासून आभार. भाच्याला टायर पाठवू नको म्हणून सांगितलं. पुढच्या पगाराला चारही घेते, १६५ चेच, आणि तारखेचे आकडे स्वतः वाचूनच बसवून घेते. पंप आज घेतला. फाट्यावरच्या एका काकूंनी त्यांच्या अंगणात गाडी लावायला हो म्हटलंय, तेव्हा पावसाच्या रात्री तिथून गमबूट घालून पायीच जाईन. एकच विचारायचं राहिलं. पाऊस उघडल्यावर ही माती गाडी पेलण्याइतकी सुकली हे तुम्ही कशावरून ओळखता? मागच्या वेळी वरून सुकलेली दिसत होती, तिथेच मी चुकले.