शब्दचर्चा : अख्खं राज्यच ‘बालेकिल्ला’?

धागाकर्ता
सिक्कीमच्या २०२४ च्या विधानसभा निकालांवर लिहिताना सहज लिहून गेलो, ‘सिक्कीम आता क्रांतिकारी मोर्चाचा बालेकिल्ला झाला आहे.’ सिक्कीम क्रांतिकारी मोर्चा या पक्षाला ३२ पैकी ३१ जागा, दुसरं काय म्हणणार? एका मित्राने वाचून विचारलं, ‘सगळा गडच त्यांचा, मग बालेकिल्ला कुठला?’ तेव्हापासून अडकलोय. सबंध राज्याला हा शब्द चालतो का? आणि हे ‘बाले’ म्हणजे नक्की काय? लहानपणी मला तो बाळराजांसाठी बांधलेला छोटा किल्ला वाटायचा. हसू नका.

प्रतिसाद १
हसत नाही, माझाही तोच समज होता. ‘बाला’ हा फारसी शब्द, अर्थ ‘वरचा’. वऱ्हाडात बालाघाट आणि पाईनघाट अशी जोडी आहे ना, घाटाच्या वरचा मुलूख आणि खालचा? त्यातलाच हा ‘बाला’. म्हणजे बालेकिल्ला हा गडाचा सर्वात उंच, आतला भाग. राजगड आठवा: पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध उभा कातळ. माच्या हातच्या गेल्या तरी वर दार लावून लढता येतं.

त्यामुळे शब्दात ताकदीइतकीच अडचणही आहे. सगळं गेल्यावर जे उरतं ते. ३१ जागा जिंकणाऱ्याला बालेकिल्ल्याची गरजच काय? तुमच्या सिक्कीममध्ये तो शब्द शोभला असता श्यारी मतदारसंघाला. विरोधातल्या सिक्कीम डेमोक्रॅटिक फ्रंटची उरलेली एकमेव जागा ती.

प्रतिसाद २
श्यारीचे आमदारही जुलै २०२४ मध्ये मोर्चात गेले. तोही बालेकिल्ला पडला म्हणा.

प्रतिसाद ३
व्युत्पत्ती मान्य, निष्कर्ष नाही. शब्द आपल्या आजोबांच्या अर्थाला बांधलेला नसतो. एखादा मतदारसंघ पिढ्यानपिढ्या एकाच पक्षाकडे असला की त्याला बालेकिल्ला म्हणणं मराठीत केव्हाच रुळलंय आणि ‘खिंडार पाडलं’, ‘सुरुंग लावला’ हा सगळा दारूगोळाही त्याच्यासोबत आलाय. राज्यापुरतं मात्र मलाही खटकतं, पण कारण वेगळं. बालेकिल्ला म्हटलं की टिकाऊपणा येतो. सिक्कीममध्ये १९८९ ला सिक्कीम संग्राम परिषद या पक्षाने ३२ पैकी ३२ जिंकल्या, पुढच्याच निवडणुकीत पराभव झाला. २००९ ला डेमोक्रॅटिक फ्रंटने ३२ च्या ३२ घेतल्या, २०१९ ला तेही गेले. एकतर्फीपणा तिथे मुक्कामाला आहे, किल्लेदार बदलतात. अशा ठिकाणी ‘एकहाती सत्ता’ म्हणावं. आज या हातात, उद्या त्या.

‘पाशवी बहुमत’ मात्र कृपा करून नको. आकडा सांगता सांगता शिवी देणारा शब्द आहे तो. आपला पक्ष जिंकला की त्याचंच ‘निर्विवाद बहुमत’ होतं.

प्रतिसाद १
‘किल्लेदार बदलतात’ आवडलं. किल्ल्यांचा विषय निघालाच आहे तर ‘गड आला पण सिंह गेला’ घ्या. बंगालमध्ये २०२१ ला तृणमूलने २१३ जागा जिंकल्या आणि ममता बॅनर्जी नंदीग्राममध्ये १,९५६ मतांनी हरल्या. तिथे ही म्हण चपखल. तरी मला ती वापरवत नाही. तानाजी १६७० मध्ये कोंढाण्यावर पडले ते परत आले नाहीत. ममता काही महिन्यांत भवानीपूरमधून पोटनिवडणूक जिंकून आल्या. ओडिशात २०२४ ला उलटं झालं. बिजू जनता दलाची २४ वर्षांची सत्ता गेली, दोन जागांवर उभे राहिलेले त्यांचे मुख्यमंत्री नवीन पटनायक कांटाबांजीत हरले पण हिंजिलीत टिकले. गड गेला, सिंह अर्धा राहिला! यासाठी म्हण नाही आपल्याकडे. हिंजिली हा मात्र जुन्या, अस्सल अर्थाने बालेकिल्ला.

प्रतिसाद ४
अवांतर: अशा राज्यांच्या बातम्यांत ‘बिनविरोध निवडून आले’ वाचलं की अडखळायला होतं. अरुणाचलमध्ये २०२४ ला ६० पैकी १० जण असे आले, मुख्यमंत्री पेमा खांडू त्यांतले एक. निवडणं म्हणजे पुष्कळांतून काढणं, धान्य निवडतो तसं. सुपात एकच दाणा असेल तर निवडायचं काय? लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ५३: एका जागेला एकच उमेदवार उरला की निवडणूक अधिकारी त्याला लगेच विजयी घोषित करतो. मतदानच नाही, त्यामुळे ‘नोटा’चं बटण दाबायचीही सोय नाही. ‘बिनविरोध’ हा शब्द विरोध नव्हता असं सुचवतो. खरं तर फक्त दुसरा अर्ज नव्हता.

प्रतिसाद ३
मग ‘बिनलढत’ म्हणा. कबूल, कानाला बरं लागत नाही.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. वाक्य बदललं: ‘सिक्कीममध्ये क्रांतिकारी मोर्चाची एकहाती सत्ता आहे.’ मित्राला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, ‘आणि दुसरा हात कुठे असतो?’ त्यासाठी वेगळा धागा काढतो.