मदत हवी आहे: ‘द होल नाईन यार्ड्स’ नऊवारीवरून आला का?

‘टेल द होल नाईन यार्ड्स’ म्हणजे काहीही न वगळता सगळं सांगणं. हा वाक्प्रचार आपल्या नऊवारीवरून आला असं लेखात लिहायचं आहे. वार म्हणजे यार्डच, तेव्हा हिशेब जुळतो. पण दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या मशीनगनचा काडतुसांचा पट्टाही २७ फुटी, म्हणजे नऊ वारच होता म्हणे. यातलं खरं कुठलं? आणि मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद १:
दोन्ही छापू नका. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या ‘मिचेल कमर्शिअल’ या वृत्तपत्रात १९०७ मध्येच ‘फुल नाईन यार्ड्स’ आलं आहे, बेसबॉलच्या सामन्याबद्दल. महायुद्ध त्यानंतरचं. शिवाय पट्टे एका मापाचे नव्हतेच: पी-५१डी मस्टँग या लढाऊ विमानाच्या आतल्या दोन मशीनगनना प्रत्येकी ४००, बाहेरच्या चारांना २७० काडतुसं. नऊवारीशी जोडणारा तर एकही जुना उल्लेख नाही.

प्रश्नकर्ता:
मग नऊच का?

प्रतिसाद १:
मुळात आकडा पक्का नव्हताच, हीच यातली सगळ्यात मोलाची गोष्ट. १९१२ मध्ये केंटकीतल्या ‘माउंट व्हर्नन सिग्नल’ने वाचकांना कळवलं की या अंकात सगळ्या बातम्या देता आल्या नाहीत, पुढच्या अंकात ‘होल सिक्स यार्ड्स’ देऊ. अर्थ तोच, वार मात्र सहा! त्यामुळे नेमकी नऊ वारांची वस्तू शोधणारा प्रत्येक सिद्धांत इथेच अडतो. कापडावरून आला असणं शक्य आहे, पण सिद्ध झालेलं नाही. ‘उगम अज्ञात’ असंच लिहा.

प्रतिसाद २:
स्वतः पडताळायचं तर अमेरिकी संसद ग्रंथालयाचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह मोफत आहे. पूर्ण शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाका. ‘होल’ आणि ‘फुल’, ‘सिक्स’ आणि ‘नाईन’ अशा चारही जोड्या बघा. खऱ्या कापडाचे उल्लेख वेगळे काढा. १८५५ च्या एका विनोदी कथेत तीन सदऱ्यांचं नऊ वार कापड एकाच सदऱ्यात घातलंय. तिथे वार म्हणजे वारच. गूगल बुक्सवर नियतकालिकाचं साल डोळे झाकून घेऊ नका. पुष्कळदा ते मालिकेच्या पहिल्या खंडाचं असतं, म्हणून पानावरची तारीख बघा.

मराठीत हकिगत ‘इत्थंभूत’ किंवा ‘अथपासून इतिपर्यंत’ सांगतात, विवेचन ‘सांगोपांग’ करतात. ‘नखशिखांत’ इथे नको, ते अंगाबद्दल.