किल्लारीच्या भूकंपातून वाचलेलं माळवदाचं घर, आता भिंत फुगलीय. पाडावं की सुधारावं?

तेरणेकाठची लेक

नमस्कार. औसा तालुक्यातलं आमचं घर आजोबांनी बांधलेलं. दगड-मातीच्या भिंती, आत सागवानी खांब आणि तुळया, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पूर्वेची भिंत अंगणात कोसळली, पण खांबांनी माळवद धरून ठेवलं. आत निजलेले आम्ही पाचही जण जिवंत बाहेर आलो. मी तेव्हा दोन वर्षांची होते.

आई अजून त्याच घरात राहते. यंदाच्या पावसानंतर उत्तरेची भिंत मधोमध पोट सुटल्यासारखी बाहेर आलीय. दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता, आता बघायला नको म्हणाला होता. भावाचं म्हणणं, सगळं पाडून आरसीसी बांधू. आई म्हणते, ज्या खांबांनी लेकरं वाचवली ते मी जळणात जाऊ देणार नाही.

रुडकीला भूकंप अभियांत्रिकीचं मोठं संशोधन केंद्र आहे असं वाचलं. तिथं आमच्यासारख्या घरांवर कधी काम झालंय का, की सगळं धरणं आणि उंच इमारतींवरच? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. आईला समजावायचं की भावाला, हेच मला कळेना झालंय.

उमरग्याचा इंजिनिअर

ताई, सगळ्यात आधी एक करा. आईंची खाट आजच त्या भिंतीपासून हलवा. बाकीचं सावकाश वाचा.

मी रुडकीला एम.टेक. केलं, आणि त्यामागे कारण होतं. त्या पहाटे माझ्या मामाचं घर गेलं. शाळकरी वयात मी तो ढिगारा पाहिला. मामाच्या भिंती तीन फूट जाडीच्या होत्या आणि इतकी जाड भिंत पडतेच कशी, हा प्रश्न कित्येक वर्षं माझ्या डोक्यातून गेला नाही. उत्तर रुडकीला मिळालं. ती एक भिंत नसतेच. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर आणि मध्ये कपच्या-मातीची भर. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नसला की हादऱ्यात ते सुटे होतात, मधली भर खाली बसते आणि पदरांना बाहेर ढकलते. तुमच्या भिंतीचं पोट सुटलंय ते हेच, फक्त भूकंपाऐवजी पाण्याने. माळवदातून झिरपलेलं पाणी पूर्वी मातीच्या गिलाव्यातून वाळून जायचं. सिमेंटने बाहेरची वाट बुजवली, मग आतली माती भिजूनच राहिली.

रुडकीचं केंद्र १९६० चं, जय कृष्ण यांनी उभं केलेलं. कोयनेला १९६७ साली भूकंप झाला तेव्हा धरणाच्या आत बसवलेल्या यंत्राने जी नोंद घेतली, तिचं विश्लेषण त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे धरणांचं काम आहेच. पण तिथल्याच आनंद स्वरूप आर्यांनी आयुष्य घातलं ते इंजिनिअरविना बांधलेल्या घरांसाठी. साडेतीन मीटर बाय साडेतीन मीटरचं कंपन-टेबल तिथं आहे, म्हणजे वर ठेवलेल्या बांधकामाला भूकंपासारखे हादरे देणारा मंच. त्याच्याही आधी त्यांनी रेल्वेचे रूळ टाकून त्यावर गाडा ठेवला होता. गाड्यावर चार भिंतींचं लहान घर बांधायचं आणि वजन भरलेल्या वॅगनची धडक द्यायची. साधं बांधकाम लवकर फुटायचं. दारा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना सळईचा पट्टा फिरवलेलं, कोपऱ्यात उभी सळई घातलेलं घर किती तरी धडका सोसायचं. दगडी घरांसाठीचं आयएस १३८२८ हे भारतीय मानक निघालं १९९३ सालीच. त्या मानकात भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि आरपार दगड उभ्यात दर दोन फुटांवर, आडव्यात जास्तीत जास्त चार फुटांवर हवा. आपला भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात आला.

आता तुमचं घर. फुगलेला भाग दाबून सरळ होत नाही आणि वरून जाळी मारूनही टिकत नाही. माळवदाला आतून टेकू द्या, तेवढा भाग उतरवा, तेच दगड आरपार घालून पुन्हा रचा. उरलेल्या धड भिंतींत आरपार भोक करून आकड्याची आठ एमएमची सळई ठेवतात आणि काँक्रीट भरतात. मग माळवदाखाली आतून-बाहेरून वेल्डमेशचा, म्हणजे जोडलेल्या तारांच्या जाळीचा पट्टा. आणि मातीचं ओझं उतरवा. दहा बाय बाराच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दहा टनांच्या वर जातं हो! आठ इंच ठेवा, बाकी काढा.

खांब-तुळयांची बुडं कीड-कूज पाहून तपासा. ते धड असतील तर आईंचं म्हणणं बरोबर आहे, आणि हे मी भावनेने बोलत नाही. छत खांबांवर असलेल्या घरांत भिंती पडूनही माणसं वाचली, हे आपल्या भागात गावोगाव दिसलं. भावाला हेही सांगा की चार कॉलम घाईने उभे केले म्हणून घर भूकंप सोसणारं होत नाही. कॉलमच्या सळयांभोवतीच्या कड्या नीट न वळवलेली आरसीसीसुद्धा जीव घेते.

जुना गवंडी

लेकी, सायेब बोलले ते खरं हाय. भूकंपानंतरच्या मजबुतीकरणात मी चार वर्सं भोकं पाडली. एक गोष्ट ध्यानात ठेव, भोक पाडताना घण लावू द्यायचा नाही. बारीक पहारीनं दगड हळूहळू हलवून काढायचा, नाहीतर शेजारचे चार ढिले होत्यात. भोक दोन्ही तोंडाला रुंद आन मधी अरुंद ठेवायचं, म्हंजे काँक्रीट धरून बसतं. एका दिवसात सगळी भोकं करायची न्हाईत. आधी पाडलेली भरायची, मग पुढची. भरल्यावर दहा दिवस पाणी मारायचं. ह्यात लई लोक आळस करत्यात.

भिंत हातोडीनं वाजवून बघ. धड भिंत टणक बोलती, सुटलेली बद्द वाजती. जिथं बद्द वाजंल तिथं खडूनं फुली मार.

तेरणेकाठची लेक

दादा, काका, तुम्हा दोघांचे उपकार कसे मानू कळत नाही. आईची खाट त्याच रात्री ओसरीवर आणली.

आज भाऊ आला होता. त्याने वरून ओळंबा सोडला, पोट सव्वादोन इंच बाहेर आहे. मी आतून वाजवत गेले. देवळीपासून कोनाड्यापर्यंत अकरा फुल्या झाल्या, बाकी भिंत टणक बोलते. माळवदावर पहार खुपसून पाहिली तर माती पावणेदोन फूट. दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा एक थर चढत गेला, खालचा कुणी काढलाच नाही. खांबांपैकी एकाचं बूड कुजलंय, न्हाणीजवळचा. बाकी सातांत चाकूचं टोकसुद्धा शिरत नाही.

ते पाहून भाऊ बराच वेळ गप्प बसला. मग आईला म्हणाला, पाडत नाही. माती उतरवायला सोमवारपासून चार माणसं सांगितलीत. काका, तुमच्या हाताखाली शिकलेला कुणी गवंडी औश्याकडे असेल तर मला निरोप टाका. आणि दादा, कुजलेला खांब बदलताना तुळईला टेकू एका बाजूने पुरतो की दोन्ही बाजूंनी?

उमरग्याचा इंजिनिअर

दोन्ही बाजूंनी. आणि आधी माती उतरवा, मगच खांबाला हात लावा. सोमवारी मी येतो.