मदत हवी आहे : १८९८ च्या युद्धात अमेरिकेचा खरा हेतू कोणता होता?

स्पेन-अमेरिका युद्धाविषयी वाचताना एका विसंगतीपाशी मी अडलो आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

क्युबातील स्पॅनिश दडपशाही आणि हवाना बंदरात 'मेन' या युद्धनौकेचा झालेला स्फोट ही युद्धाची कारणे सर्वत्र सांगितली जातात. क्युबा गिळंकृत करणार नाही, असे वचनही अमेरिकी काँग्रेसने टेलर दुरुस्तीद्वारे दिले होते. मात्र युद्ध जाहीर होण्याच्या सुमारे दोन महिने आधी, २५ फेब्रुवारी १८९८ रोजी, नौदलाचे सहायक सचिव थिओडोर रूझवेल्ट यांनी हाँगकाँगमधील अमेरिकी आरमाराचे प्रमुख कमोडोर ड्यूई यांना तारेने आदेश दिला, की जहाजांत कोळसा भरून ठेवावा आणि युद्ध पेटताच स्पेनच्या ताब्यातील फिलिपिन्सकडे कूच करावे. क्युबाच्या मुक्तीसाठी मनिलावर हल्ला कशाला, हा प्रश्न येथेच उभा राहतो. (शत्रूचे आरमार जिथे असेल तिथे गाठायचे, हे लष्करी उत्तर मला अपुरे वाटते, कारण मनिला उपसागरातील विजयानंतरही अमेरिका तिथून हलली नाही, उलट युद्ध संपवणाऱ्या पॅरिस तहात २ कोटी डॉलर मोजून तिने ती बेटे घेतली आणि १८९९ पासून तिथल्याच स्वातंत्र्यसैनिकांशी लढली.)

१८९३ च्या मंदीनंतर चीनच्या बाजारपेठेची लागलेली ओढ, अमेरिकी नौदल अधिकारी माहानचा सागरी सत्तेचा सिद्धान्त आणि वृत्तपत्रांनी पेटवलेले लोकमत यांपैकी निर्णायक काय होते? राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांचे धोरण पूर्वनियोजित होते, की विजयानंतर भूक वाढत गेली? मूळ कागदपत्रांच्या आधारे कोणी सांगू शकेल का?