पावसाळी ट्रेकचे बूट: आधी टाच बघा

ताई, पावसाळ्यात हरिहर आणि पुढे साल्हेर हे किल्ले करायचेत, तर पुरुषांच्या बुटातलाच लहान नंबर घेऊ का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत, नका घेऊ. बायकांची टाच पंजाच्या मानाने बहुधा अरुंद असते. पुरुषांच्या साच्यावरच्या बुटात ती मागे उचलली जाते आणि फोड येतात. अंजनेरी उतरताना माझ्या दोन्ही टाचा अशाच सोलवटल्या होत्या. तेव्हापासून दुकानात मी आधी टाच बघते.

खरेदीला संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकचेच जाड मोजे घालून जिना उतरून बघा. बोटं पुढे आपटत असतील, तर साल्हेरच्या १५६७ मीटरवरून खाली येईपर्यंत नखं काळी पडतील.

वॉटरप्रूफ बुटांचं बरंच कौतुक होतं. थंडीत, दवाच्या गवतात ठीक. पण आपल्याकडे जुलैत पाणी घोट्यावरून आत शिरतं आणि मग बुटाचं वॉटरप्रूफ अस्तरच त्याला बाहेर पडू देत नाही. त्र्यंबकच्या पावसात मी जाळीचे, लवकर वाळणारे बूटच घालते. पैसे सोलवर घाला: चिकट रबर, खोल खाचा. तरी शेवाळलेल्या कातळावर कुठलाच सोल भरवशाचा नाही. हरिहरच्या पायऱ्या धो धो पावसात टाळाच.

आणि माळ्यावरचे जुने बूट काढणार असाल तर सोल वाकवून बघा. आत पॉलियुरेथेनचा (फोमसारख्या प्लास्टिकचा) थर असेल, तर तो न वापरताही दमटपणाने भुगा होतो.